काय अर्थ नाय त्या गाडीत

म्हैस काळी, आमचा रस्ता काळा आणि जीपचे दिवे निरांजनापेक्षा जरासे बरे. त्यामुळे त्या संध्याकाळी पळसदरीच्या पुढे ती म्हैस मला दिसली तेव्हा ती जवळजवळ बॉनेटला टेकली होती. मी ब्रेक दाबला. म्हैस शेपूट हलवत निवांत निघून गेली, मागे डबे मात्र एकमेकांवर कोसळले आणि साजगावच्या कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीने त्या दिवशी आमटीशिवाय भात खाल्ला. घडलं ते एवढंच. पण माझ्या धाकट्या दिरांना तेवढं पुरेसं होतं.

आमचं घर दहिवलीला. हे गेल्यापासून मी कारखान्याचे डबे करते आणि डबे पोचवायलाही मीच जाते. स्वयंपाकाला मदतीला दोन बायका आहेत, गाडीला मी एकटी. माझ्या हातच्या जेवणाबद्दल घरात कधी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मी स्टिअरिंग धरते याची, फक्त तसं तोंडावर कुणी बोलत नसे. म्हशीने त्यांना बोलायला विषय दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर अंगणात हजर झाले.

"वहिनी, जीप भंगारात देऊन टाकू. माझ्या वळखीचा एक टेंपोवाला हाय. तो न्हेईल डबे. तुमी निस्तं घरातलं बघा."

"आन् दिवे नीट झाले तर?"

"जुनी गाडी ती. आता काय व्हतात नीट?"

"झाले तर?"

"झाले तर बघू. पन रविवारी टेंपोवाल्याला सांगायचं हाय मला."

'निस्तं घरातलं बघा' हे मला फार झोंबलं. दिवसभर मी घरातलंच बघत असते. कुणाला पाणी हवं असतं, कुणाचं औषध सापडत नसतं, कुणी नुसतंच हाक मारून विसरतं. संध्याकाळी डबे भरले, गिअर टाकला की खोपोलीच्या रस्त्यावर मला कुणी हाक मारत नाही. तेवढा वेळ माझा असतो. तो मी कुठल्याही टेंपोवाल्याला द्यायला तयार नव्हते, दिरांच्या ओळखीच्या तर मुळीच नाही.

रविवारपर्यंत मी उजेडात निघून उजेडातच परतायचं असं ठरवलं. जेवण कारखान्यात जाऊन गार पडू लागलं आणि कामगार कुरकुर करू लागले. त्यांचंही बरोबर होतं. म्हणून एका दुपारी डबे टाकून परतताना मी शिळफाट्याला स्पेअर पार्टच्या दुकानासमोर जीप थांबवली. दुकानातल्या चाचांची आणि माझ्या नवऱ्याची जुनी ओळख होती.

"मेकॅनिक कोन हाय तुमचा?" त्यांनी विचारलं.

"मीच."

चाचा हसले नाहीत, हे मला आवडलं. साजगावच्याच दुसऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षं पंख्यांच्या मोटारी जोडलेल्या आहेत, त्यामुळे वायरींना मी बिचकत नाही. चाचांनी सांगितलं ते असं: जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट बारीक वायरीतून आधी बटनापर्यंत येतो आणि मग दिव्यापर्यंत जातो, वाटेत निम्मा दमतो. त्यावर उपाय म्हणजे बॅटरीतून जाड वायर थेट दिव्याला न्यायची आणि मध्ये रिले बसवायचा. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. बटनाने नुसता हुकूम सोडायचा, ओझं रिलेने वाहायचं. मला लगेच समजलं, आमच्या घरातही हीच पद्धत आहे. जाड वायरींचा तयार सेट, दोन रिले आणि जास्त उजेडाचे नवे बल्ब घेऊन मी घरी आले.

शुक्रवारी सकाळी भाजी चिरून झाल्यावर मी बॉनेट उघडलं. पुढची जाळी काढली, बल्ब बदलले, वायरी ओवल्या, क्लिपा लावल्या. सेटमधल्या काळ्या वायरींच्या टोकाला एक गोल चकती होती, ती पुढच्या पत्र्यावरच्या बोल्टखाली घट्ट आवळली. सगळं कसं देखणं झालं होतं. मग मोठ्या ऐटीत बटन दाबलं.

टक टक टक टक. दिवे लागले, विझले, लागले, विझले आणि रिले पालीसारखा चुकचुकत राहिला. सासूबाई ओटीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. आवाज ऐकून त्यांनी बोटाने जमिनीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "कृष्ण कृष्ण! कुठं चुकचुकली गं पाल?"

"गाडीत," मी म्हणाले.

"मग काय खरं नाय गं," असं म्हणून त्या पुन्हा लसणाकडे वळल्या.

दोन दिवस मी त्या पालीच्या मागे होते. एक रिले काढून दुसऱ्याच्या जागी घातला, चुकचुक तीच. फ्यूज बघितला, शाबूत. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन काढली. एका बल्बला दोन वायरी जोडून मी तपासायचा दिवा केला, त्याची एक वायर बॅटरीच्या वजा टोकाला बांधली आणि दुसरीने ठिकठिकाणी करंट येतो का ते पाहिलं. सगळीकडे येत होता. तपासायचा दिवा लख्ख, गाडीचे दिवे चुकचुकत. शिळफाट्याला फोन केला तर चाचा म्हणाले, "रिलेच खराब आसंल ताई, बदलून न्ह्या." मी बदलून आणला. नव्या पालीचा आवाज जरा मोठा होता, एवढाच फरक.

रविवारी सकाळी दीर आले. मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेली, हात काळे, केसांत जळमटं. त्यांनी जरा वेळ तो चुकचुकाट ऐकला. मग प्रेमाने बोलतात तसं बोलले. त्यांचं प्रेम मला रागापेक्षा जड जातं.

"वहिनी, सोडा आता. काय अर्थ नाय त्या गाडीत."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातला 'अर्थ' माझ्या कानात अडकला. पंख्याच्या कारखान्यात आमचा सुपरवायझर रोज ओरडायचा, "अर्थ दिला का? अर्थ बघा आधी!" हा अर्थ इंग्रजीतला, अर्थिंगचा, म्हणजे करंट परत जायची वाट. दोन दिवस मी करंट येतो का तेवढंच बघत होते. तो परत कुठून जातो हे मी पाहिलंच नव्हतं, कारण माझ्या तपासायच्या दिव्याची परतीची वायर मी थेट बॅटरीला बांधली होती. त्याला वाट होती. गाडीच्या दिव्यांना होती की नाही कुणास ठाऊक.

मी वायरीचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या वजाला लावलं आणि दुसरं त्या काळ्या वायरींच्या चकतीला. चुकचुक थांबली. दोन्ही दिवे असे पेटले की गोठ्याच्या भिंतीवरच्या गोवऱ्यांवर भर दिवसाही त्यांचा उजेड दिसला.

"बराबर बोललात भाऊजी," मी म्हणाले. "अर्थच नव्हता गाडीत."

त्यांना काही कळलं नाही आणि समजावून सांगायला मला सवड नव्हती. मी बोल्ट उघडला आणि सुरीने त्याखालचा पत्रा खरवडायला लागले. आधी निळा रंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी, मग पुन्हा निळा. आमच्या खिडक्यांचे सगळे रंग ओळीने वर आले. दसऱ्याला हे घराच्या खिडक्या रंगवायचे आणि डब्यात उरेल तो ऑइलपेंट जीपच्या तोंडाला फासायचे, मग झेंडूचा हार घालायचे आणि पूजा करायचे. फासताना बोल्ट बघायचे नाहीत, नट बघायचे नाहीत. वर्षानुवर्षांच्या त्या थराखाली पत्रा कुठे उरलाय हेच दिसत नव्हतं आणि मी माझी चकती त्या रंगावर आवळून बसले होते. करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो, रंगातून कुठला जायला!

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्यांची आठवणही इतकी आली की डोळ्यांसमोरचा बोल्ट दिसेना. मी पदराने डोळे पुसले, तोंडाला काळं लागलं, पण सुरी थांबवली नाही. नंतर पॉलिश पेपर घासला. पत्रा चांदीसारखा निघाल्यावर चकती बसवली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडलं.

दिवस मावळल्यावर मी डबे गाडीत चढवले आणि दिवे लावले. एक चुकचुक नाही. समोरचा बांध, त्यावरचं गवत, पलीकडची सागाची झाडं, सगळं उभं राहिलं. दीर त्या उजेडात चालत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरून हात फिरवला. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

"झकास झाली की वो वहिनी! आता नाय ही भंगारात द्यायची. टेंपोवाल्याला नको म्हनून सांगतो."

"बरं झालं."

"आता आसं करू. एवढी चांगली झाली हाय, तर आपन गाडीवर एक माणूस ठेवू."

म्हणजे म्हशीचं काही नव्हतं. दिव्यांचंही नव्हतं. मी दिवे सूर्याएवढे केले असते तरी त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. राग आला, पण राग गिळून बसायचे माझे दिवस केव्हाच संपलेत. मी वर चढून सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि गाडी सुरू केली.

"माणूसच बसलाय भाऊजी गाडीवर," मी म्हणाले. "व्हा बाजूला, डबे गार व्हतायत."