ढिम्म

रुग्णालयाच्या फोनवर बावीस वर्षं बसलेल्या ताईला तिच्या माघारी सगळे ‘ढिम्म’ म्हणत. म्हणेनात का! नाव ठेवणारे हेच शहाणे, कुणी गेलं की घरच्यांना कळवायची चिठ्ठी गुपचूप तिच्या टेबलावर सरकवून पसार व्हायचे.

तिची वाक्यं ठरलेली. “आपण रुग्णाचे नातेवाईक का? सांगायला वाईट वाटतं, आपला रुग्ण दगावला. येताना ओळखपत्र आणा.” पलीकडून कुणी हंबरडा फोडो, कुणी शिव्यांची लाखोली वाहो, तिचा आवाज चढायचा नाही की कापायचा नाही. फोन ठेवला की ती डबा पुढे ओढून उरलेलं जेवण संपवायची. पहिल्या वर्षी मात्र घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायची. ते रडणं कधी थांबलं, तिचं तिलाच कळलं नाही.

यंदा तिच्या वडिलांनाच वरच्या मजल्यावर दाखल केलं आणि तिने भलतीच धास्ती घेतली.

“मावशी, बाबा गेले आणि मला काहीच वाटलं नाही तर?” तिने सफाईवाल्या मावशींना विचारलं.

“काहीतरीच तुझं!” मावशी म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनीही नजर चुकवली.

मंगळवारी सकाळी, चहा अर्धाच पिऊन झाला होता, तेवढ्यात चिठ्ठी आली. एरवी पळ काढणारी नर्स आज तिथेच उभी राहिली. ताईने वडिलांचं नाव वाचलं. खाली धाकट्या भावाचा नंबर होता. तो तिला तोंडपाठ होता, तरी चिठ्ठीत एकेक आकडा बघून तिने फिरवला.

“आपण रुग्णाचे नातेवाईक का?”

उत्तराची वाट न बघता तिने पुढचं वाक्य घेतलं.

“सांगायला वाईट वाटतं...”

“ताई,” भाऊ म्हणाला, “अगं, मी आहे, छोटू. आपले बाबा गेले का गं?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. किती घरांना तिने न अडखळता सांगितलं होतं. नर्सने रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. ताईने रिसीव्हर सोडला नाही.

“ताई, बोल ना काहीतरी.”

“लवकर ये रे,” ती म्हणाली. “मला एकटीला फार भीती वाटतेय.”