काळ्या रंगाखालचा गंज

सिस्टरला राग फार लवकर येतो, असं तिच्या घरचे म्हणत. तिचं म्हणणं वेगळं होतं. "मला वेळेवर येतो. तुम्हाला येतच नाही, म्हणून माझा लवकर वाटतो."

या रागापायीच तिचा वॉर्ड सुटला होता. बावीस वर्षं तिने मोठ्या इस्पितळात काढली. एका सकाळी नोंदवहीत एका पेशंटपुढे 'ड्रेसिंग बदललं' असं तीन दिवस ओळीने लिहिलेलं तिला दिसलं. पट्टी सोडली, तर आत तिने स्वतःच्या हाताने ठेवलेलं जुनंच गॉज. जखमेला वास सुटलेला. तिने ते गॉज ट्रेमध्ये घातलं, ट्रे उचलला आणि सरळ मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवला. खोटं लिहिणारीला समज देण्यात आली. सिस्टरची मात्र बदली झाली, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या पट्ट्या करणाऱ्या पथकात. लोकांना वाटलं, ही आता रडेल. तिने आठवड्याच्या आत एक सोळा वर्षांची जुनी गाडी विकत घेतली, मागच्या सीटवर औषधांची पेटी बांधली आणि कामाला लागली.

गाडीला आता वीस वर्षं होत आली होती. सिस्टरचं तिच्यावर प्रेम वगैरे नव्हतं, पण लक्ष होतं. म्हणून पुढच्या डाव्या चाकापाशी खड्ड्यात खट्ट असा आवाज यायला लागला, तेव्हा तिने चालढकल केली नाही. गाडी थेट मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दारांच्या गॅरेजमध्ये नेली.

तिथला मॅनेजर कडक इस्त्रीचा. त्याने गाडी वर उचलून घेतली आणि खाली उभं राहून समजावलं. "मॅडम, हा लोअर आर्म. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणा. याच्या टोकाला बॉल जॉइंट, त्यावर चाक वळतं. मुळाशी धक्के झेलणारा रबरी बुश. तुमच्या गाडीचं हे सगळं झिजलंय. दोन्ही बाजूंचे आर्म नवे टाकावे लागतील."

"टाका," सिस्टर म्हणाली. "झिजलेलं बदलायलाच हवं."

दोन दिवसांनी गाडी मिळाली. आवाज गेला होता. मॅनेजरने तिला वाकून आर्म दाखवलेही, काळे कुळकुळीत, चकचकीत. सिस्टर खूश झाली.

नवव्या दिवशी खट्ट पुन्हा सुरू झालं.

मॅनेजरने गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आणली. "काहीच नाही, मॅडम. जुनी गाडी म्हटल्यावर थोडं वाजणारच. आणि कसं असतं, एकदा मनात बसलं ना, की आवाज ऐकू येतोच."

"मी दिवसाला दहा-बारा छात्या ऐकते," सिस्टर म्हणाली. "कुठला आवाज मनातला आणि कुठला आतला, ते मला कळतं."

काउंटरमागचे दोघे हसले. मॅनेजरही हसला. "गाडी एकदम सेफ आहे. बिनधास्त चालवा."

घरी नवऱ्याने त्याचीच री ओढली. "अगं, एवढं मोठं गॅरेज. ते खोटं कशाला बोलतील?"

"मोठं आहे म्हणून खरं बोलतं का?" असं ती म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिचं मन जरा डळमळलं. कदाचित खरंच आपल्याला भास होत असेल. ही एक गोष्ट तिने पुढे त्या लोकांना कधीच माफ केली नाही. त्यांनी तिला तिच्याच कानांबद्दल शंका घ्यायला लावली होती.

पुढच्या सोमवारी ती एका निवृत्त मास्तरांना तपासणीला घेऊन चालली होती. मास्तरांच्या पायाला न भरणारी जखम, पाय पुढे लांब करून बसलेले. समोरची बस थांबली म्हणून सिस्टरने ब्रेक दाबला आणि गाडीने कुणीतरी हात धरून ओढावं तशी डावीकडे उडी घेतली. चाक फुटपाथच्या कडेवर चढलं. मास्तरांचा पट्टी बांधलेला पाय डॅशबोर्डवर आपटला. ते ओरडले नाहीत, फक्त डोळे मिटून दात आवळून बसले. फुटपाथवर त्या क्षणी कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तरांना टॅक्सीत बसवून दिल्यावर ती गाडी पायी चालल्याच्या वेगाने जवळच्या गल्लीत घेऊन गेली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री एकटेच काम करत. बोलणं कमी, खोकला जास्त. त्यांनी जॅक लावून चाक अधांतरी केलं, वर-खाली धरून हलवलं. चाक हललं. मग चाकाखाली पहार घालून जरासं उचललं, तर बॉल जॉइंट आतल्या आत ठकठक करत डोलायला लागला.

"ताई, हे कुणी केलं?"

"मोठ्या रस्त्यावरच्यांनी. नवे टाकलेत. तीन आठवडेही झाले नाहीत."

मिस्त्रींनी खिशातून पातळ पाती काढली आणि आर्मवर खरवडलं. काळा पापुद्रा सोलून आला. खाली तांबूस, फोडफोडलेला गंज. रंग नटावर होता, नटातल्या पिनेवर होता, बॉल जॉइंटवरच्या चिरलेल्या रबरी टोपीवरसुद्धा होता.

"नट सोडला असता तर इथला रंग तुटला असता," मिस्त्री म्हणाले. "यांनी पाना लावलाच नाही. रबराच्या चिरेतून ग्रीस भरलं, म्हणून आठवडाभर गप्प राहिलं. वरून फवारा मारला." मग म्हणाले, "अजून थोडे दिवस चालवली असतीत, तर हा निसटला असता. चाक आडवं पडतं, ताई. वेगात असलात तर..." पुढचं खोकल्यात गेलं.

सिस्टर शेडच्या उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी होत्या, ते तीन दिवसांचं गॉज आणि मास्तरांचे मिटलेले डोळे.

"मिस्त्री, हा काढता येईल? मला हातात हवाय. आणि रंग पुसू नका."

"काढतो की. पण तिथे जाऊन भांडून काय मिळणार?"

"भांडायला कोण चाललंय? दाखवायला चाललेय."

मिस्त्रींनी डावा आर्म काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. चांगला वजनदार होता. सिस्टर तो बाळासारखा कवळून बसने गॅरेजमध्ये पोचली. वेळ दुपारची, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर पाच-सहाजण बसलेले. तिने काउंटरवर वर्तमानपत्र उलगडलं आणि मोठ्याने विचारलं, "हा आर्म नवा आहे का जुना?"

मॅनेजर लगबगीने आला. "मॅडम, आपण आत बसून बोलू ना."

"बाहेरच बोलू. मनातलं होतं ना? घ्या, मनातलं काढून आणलंय. उचला."

"हा आमच्याकडचाच कशावरून? बाहेरच्या माणसाने बदलला असेल. कुठेही जाता आणि मग..."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकून सिस्टरचा आवाज चढायला हवा होता. तो उतरला. पेशंटला वाईट बातमी सांगताना उतरतो, तसा. "उजवा अजून गाडीतच आहे, मिस्त्रींच्या शेडमध्ये. त्याला कुणी हात लावलेला नाही. चला तिथे, तुमच्या माणसाकडून या सगळ्यांसमोर सोडवून पाहू. माझ्या गाडीत आज एक आजारी माणूस होता. तुम्ही म्हणालात, बिनधास्त चालवा."

मग खुर्चीवरचा एक जाडसर माणूस उठला. व्हॅन चालवून शाळेची मुलं ने-आण करणारा. त्याने आर्म उचलून उलटसुलट पाहिला, नखाने रंग खरवडला आणि मॅनेजरकडे वळला. "मागच्या महिन्यात माझ्या व्हॅनलाही हेच काम केलंत. आत्ता वर उचला. मी खाली उभा राहतो."

व्हॅन वर गेली. तोच काळा रंग, पिनेसकट. त्या माणसाने एक शिवी हासडली, तीही फार मोठी नाही.

मालकाला फोन गेला, मालक धावत आला. हात जोडले, सगळं पुन्हा मोफत करून देतो म्हणाला. सिस्टर म्हणाली, "तुमचे हात माझ्या गाडीला लागायचे नाहीत. नवे दोन्ही आर्म डब्यासकट द्या." डबे घेऊनच ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती मिस्त्रींच्या शेडमध्ये स्टुलावर बसली आणि सगळं काम डोळ्यांनी पाहिलं. गंजलेला बोल्ट हातोडीला दाद देईना, तेव्हा मिस्त्रींनी त्यावर तेल सोडलं आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. नवे आर्म चढवले, पण बुशांचे बोल्ट ढिलेच ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, दाबून खाली-वर केली आणि मग तिच्याखाली सरपटत जाऊन ते आवळले. "अधांतरी आवळले तर रबराला पीळ बसतो, महिन्यात फाटतं," ते म्हणाले. नवी पीन घातली, टोकं वळवली. "आता चाकांचा कोन तेवढा मोजून घ्या. ते यंत्र माझ्याकडे नाही."

'माझ्याकडे नाही' हे शब्द ऐकून सिस्टरला का कोण जाणे, भरून आलं.

तिने आणि व्हॅनवाल्याने मिळून वाहन तपासणीच्या ऑफिसात तक्रार दिली. मालकाला आधीची गिऱ्हाइकं परत बोलवावी लागली. तपासल्या त्यांतल्या अकरा गाड्यांचे आर्म जुनेच, नुसते रंगवलेले निघाले. मॅनेजरची नोकरी गेली. मालकाला म्हणे यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि काचेची दारं उघडीच राहिली. वर त्याने सिस्टरला छापील पत्र पाठवलं, 'झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.' तिने 'गैरसमज' खोडून वर 'फसवणूक' लिहिलं आणि पत्र परत पाठवलं.

"आता तरी शांत हो," नवरा म्हणाला. "तुझंच खरं ठरलं ना?"

"माझं खरं ठरायला चाक निखळायची वेळ यावी लागली! आणि एका मॅनेजरवर सगळं ढकलून मालक मोकळा! अकरा गाड्यांसाठी नवे आर्म कधी आलेच नाहीत, हे त्याला दिसलंच नाही?"

त्या आठवड्यात मास्तरांची पट्टी बदलायला गेली, तेव्हाही तिचं हेच चाललं होतं. मास्तरांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"तुमचं अगदी बरोबर आहे, सिस्टर," ते शेवटी कळवळून म्हणाले. "पण तो मालक तिकडे आहे. हा पाय माझा आहे. जरा हलक्या हाताने."