नाव न घेता उघडणारा प्रोग्राम

या लिखाणात कुणाचंही नाव येणार नाही. कुणी दावा लावील या भीतीने नव्हे. दावा लावण्याइतकं मोठं इथे कुणीच नाही. खरं कारण पुढे येईल. तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा, आमच्या आईने जन्मभर धरला.

माझी पहिली नोकरी मला पहिलीत असतानाच लागली. वडिलांचं नाव सांगणे, हे काम. आम्ही खानदेशातून सुरतेला आलेले, नवागामात राहायचो, वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या खिडकीत, शाळेत, कुठेही "पतीचं नाव?" असं विचारलं की आई पदर डोक्यावर ओढायची आणि मला पुढे ढकलायची. मी ठणठणीत आवाजात नाव सांगायचे. एकदा मला गोवर आला, तेव्हा आई एकटीच रेशनला गेली आणि रॉकेल न घेता परत आली. "त्यासनं नाव कसं लेवानं?" एवढंच म्हणाली. तो आठवडाभर आमचा स्वयंपाक शेजारणीच्या स्टोव्हवर झाला.

इतका अनुभव गाठीला असूनही पुढे मी जो प्रोग्राम लिहिला, तो सुरू होताच पहिला प्रश्न विचारायचा, "नाव?"

हे नव्वदीच्या मध्यावरचं. पर्वत पाटियाजवळ दोन खोल्यांचं एक ऑफिस होतं, तिथे मी नोकरीला लागले होते. आमचे साहेब कापड व्यापाऱ्यांना बिलांचा आणि मालाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम विकायचे. प्रोग्राम एकच, पण प्रत्येकाला तो आपल्या मनासारखा हवा. एकाला माप मीटरमध्ये, दुसऱ्याला वारात. एकाला प्रिंटरचा कागद रुंद, दुसऱ्याला अरुंद. एकाला चूक झाली की कॉम्प्युटर वाजायला हवा, तर दुसऱ्याला तो वाजला की गिऱ्हाइकासमोर अपमान वाटायचा. साहेब दर वेळी प्रोग्रामच्या पोटात हात घालून बदल करायचे आणि त्या व्यापाऱ्याची वेगळी फ्लॉपी बनवायचे. फ्लॉपीवर नाव साहेब स्वतःच्या अक्षरात लिहायचे, त्यामुळे कुठली कुणाची हे नंतर साहेबांनाही कळत नसे.

मी म्हटलं, प्रोग्राम सगळ्यांना एकच ठेवू आणि आवडीनिवडी बाहेर काढू, एका साध्या फाईलीत. चौकोनी कंसात वापरणाऱ्याचं नाव. त्याखाली एका ओळीवर एक गोष्ट. माप, बरोबरचं चिन्ह, मीटर. कागद, बरोबरचं चिन्ह, रुंद. रंग, बरोबरचं चिन्ह, पांढरा. मग पुढचा कंस, पुढचं नाव. प्रोग्राम नाव विचारणार, फाईलीत तो कंस शोधणार आणि त्याच्याखाली लिहिलंय ते निमूट ऐकणार. घरात ज्याचं त्याचं ताट ठरलेलं असतं, तसंच हे. साहेब म्हणाले, "कर." साहेबांकडून याहून मोठी शाबासकी तोवर कुणाला मिळाली नव्हती.

फाईल हाताने लिहायची, आणि काम दिसायला सोपं होतं. एका पेढीवर माझा एक कंस बंद करायचा राहिला आणि दोन भागीदारांच्या आवडीनिवडी एकमेकांत मिसळल्या. ते दोघे आधीच एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानंतर माझ्याशीही बोलेनासे झाले. तेव्हापासून मी फाईल देण्याआधी कंस मोजायचे, डाळीतले खडे निवडावेत तसे.

ज्या दुकानाची ही गोष्ट आहे ते साड्यांचं, एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर. शेठ चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांची फाईल करायला गेले तेव्हा माप, कागद वगैरे त्यांनी चहा संपायच्या आत सांगून टाकलं, पण रंगासाठी अख्खी दुपार घेतली. प्रोग्राममध्ये मी ठेवलेली सेटिंगची कळ दाबून सगळे रंग लावून पाहिले. शेवटी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पसंत केली. मी विचारलं, हिरवाच का? म्हणाले, "या साली बाजारात हिरवाच चालतोय." मी त्यांच्या नावाखाली लिहिलं, रंग, बरोबरचं चिन्ह, हिरवा.

पुढच्या उन्हाळ्यात शेठना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. मुलं अजून शाळेत जाणारी. काही दिवस दुकान बंद राहिलं आणि मग एका सकाळी शेठाणीच येऊन गल्ल्यावर बसल्या.

शेठच्या धाकट्या भावाचं दुकान समोरच होतं, त्याच गल्लीत. माणूस वाईट नव्हता. वहिनीने उन्हातान्हात बाजारात येऊ नये, दोन्ही दुकानं एक करून आपण चालवावीत, असं त्याला मनापासून वाटत होतं. "भाभी, तमे घेर आराम करो. बे दुकान एक करी दईए." शेठाणी म्हणाल्या, "दिवाळी सुधी मने बेसवा दो." दिवाळीपर्यंत मला बसू द्या, मग मोटाभाई सांगतील तसं. मोटाभाई म्हणजे शेठ, आणि त्यांना तर बोलता येत नव्हतं. दोन दुकानं एक झाली असती तर शेठना परत यायला काही उरलं नसतं. हे मार्केटमधल्या हमालापासून सगळ्यांना कळत होतं.

शेठाणींना कॉम्प्युटर शिकवायला साहेबांनी मला पाठवलं. मी त्यांना भाभी म्हणायचे, त्या मला बेन. बाई चलाख होती. रोज जेवताना नवऱ्याच्या तोंडून दुकान ऐकलेलं, त्यामुळे कुठली साडी कुठल्या गावी खपते हे तिला पाठ. बिल करायला एका दिवसात शिकली. फक्त प्रोग्राम उघडता येईना. पडद्यावर "नाव?" आलं की भाभी त्याच्याकडे बघत बसायच्या. मी म्हणायचे, शेठचं नाव टाइप करा. त्या म्हणायच्या, "तुं नाखी दे ने, बेन." मी टाइप करून द्यायचे.

पण मी काही रोज तिथे नसायचे, आणि मार्केटमध्ये वीज रोज जायची. वीज आली की प्रोग्राम नव्याने नाव विचारायचा. मग समोरून दीर यायचे. एका बोटाने भावाचं नाव टाइप करायचे, आणि आलोच आहोत तर म्हणून खुर्चीत बसायचे. कुणाचा माल निघाला, कुणाचा राहिला ते बघायचे. फोन आला तर तोही घ्यायचे. हळूहळू बाहेरगावचे व्यापारी भाभींना सोडून त्यांनाच विचारायला लागले. दुकान एक करायला दिवाळीची गरज नव्हती, माझ्या त्या एका प्रश्नाने ते आपोआप होत होतं.

माझा स्वभाव मुळात तापट. भाव करताना व्यापाऱ्यांना पाणी पाजणाऱ्या बाईला चार अक्षरं टाइप होत नाहीत म्हणजे काय! मी ती अक्षरं मोठी करून एका कागदावर लिहिली आणि तो मॉनिटरच्या बाजूला चिकटवून आले. दोन दिवसांनी गेले तर कागद तसाच, पण उलटा चिकटवलेला. घरी येऊन मी आईसमोर भडाभडा बोलले. आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"नवरानं नाव शे ना ते? कशी लिखी ती?"

आणि तिने भाकरी तव्यावर टाकली. मला इतकी लाज वाटली की मी जेवताना मान वर केली नाही. ज्या पोरीचं सगळं बालपण हे एक नाव सांगण्यात गेलं, तिला हे सुचू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका जवळ असतो.

दुसऱ्या दिवशी मी फाईलीत एक नवा कंस केला. त्यात भाभींचं नाव आणि खाली शेठच्याच सगळ्या ओळी उतरवल्या. आता स्वतःचं नाव टाइप करा, बाकी सगळं तेच, असं मी ऐटीत सांगितलं. भाभींनी एक बिल काढलं, खालपर्यंत वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. प्रोग्राम वापरणाऱ्याचं नाव बिलाच्या तळाशी छापत असे. म्हणाल्या, बिलावर माझं नाव दिसलं तर उद्या बाजार म्हणेल, शेठ गेले. त्यांच्या सांगण्यावरून मी तो कंस त्यांच्यासमोर पुसून टाकला.

नाव तर शेठचंच हवं, आणि ते घ्यायचं तर नाही. आई अशा वेळी काय करते ते मी आठवून पाहिलं. घरात वडिलांबद्दल काही सांगायचं झालं की आई हनुवटीने त्यांच्याकडे दाखवायची. (लग्नाकार्यात बायकांनी फारच धरलं तर उखाण्यात नाव घ्यायची, पण उखाणा ऐकून उघडणारा प्रोग्राम लिहिण्याइतकी माझी मजल नव्हती.) मी प्रोग्रामचा प्रश्नच काढून टाकला. आता सुरू झाल्यावर तो फाईलीतले सगळे कंस वाचायचा आणि त्यातली नावं एकाखाली एक मांडायचा. बाणाच्या कळीने हव्या त्या नावावर यायचं आणि एंटर दाबायचं. तोंडाने नाव घ्यायला नको, बोटानेही नको.

भाभींनी बाणाची कळ बराच वेळ न्याहाळली. त्यावर अक्षर नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "एटलुं चाले." एवढं चालतं. बाण, एंटर, आणि हिरवा पडदा उघडला.

साहेबांनी विचारलं, नाव टाइप करायला लोकांचं काय जातं? मी म्हटलं, वेळ वाचतो. साहेबांनी ती सोय सगळ्या गिऱ्हाइकांना दिली आणि प्रत्येकाला सांगितलं, खास तुमच्यासाठी केलीय.

त्यानंतर वीज येऊन दीर पोचायच्या आत भाभींचा प्रोग्राम उघडलेला असे. दीर दारात थोडे रेंगाळायचे, चहा घ्यायचे, परत जायचे. फोन भाभीच घ्यायला लागल्या. एकच त्रास राहिला. काळ्यावरच्या हिरव्या अक्षरांनी त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. दिवसभर पदराने डोळे टिपत बिलं करायच्या. मी दर खेपेला म्हणायचे, पांढरा करते, फाईलीतली एक तर ओळ आहे. उत्तर ठरलेलं, "एमनुं छे, एम ज रहेवा दे." एकदा मी वैतागून म्हटलं, रंग त्यांचा असेल, पण डोळे तरी तुमचे आहेत ना? भाभी हसल्या आणि पुन्हा डोळे टिपले.

दिवाळी झाली. लाभपंचमीला सुरतेचा बाजार उघडतो, त्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरची पूजा होती म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. शेठना दोघांनी धरून वर आणलं. मॉनिटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला, नारळ फुटलेला. दीर पुढे झाले आणि वाचा गेलेल्या माणसाशी लोक बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "मोटाभाई, बे दुकान एक करी दईए ने?" भाभी प्रसादाची थाळी हातात धरून उभ्याच राहिल्या.

शेठनी भावाकडे पाहिलं. मग पाय ओढत खुर्चीकडे गेले आणि बसले. पडद्यावर प्रश्नाऐवजी आपलं नाव दिसलं, तेव्हा मी दाखवल्याप्रमाणे डाव्या हाताच्या बोटाने बाण दाबला, एंटर दाबला. हिरवा पडदा उघडला. आपण ठेवून गेलो तसंच सगळं आहे, हे ते नीट बघत होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष भाभींकडे गेलं. पडदा उजळताच भाभींनी सवयीने डोळे बारीक केले होते आणि पदर वर गेला होता.

शेठनी सेटिंगची कळ दाबली. एकेक ओळ उतरत रंगावर आले. पिवळा. भाभींच्या तोंडाकडे पाहिलं. निळा. पुन्हा पाहिलं. साडी उलगडताना व्यापारी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो, अगदी तसंच. भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, शुं करो छो?" पांढरा आला. भाभींच्या कपाळावरची आठी गेली. शेठनी तो ठेवला. मग टेबलाला धरून उठले आणि डाव्या हाताने खुर्ची ओढून भाभींपुढे केली.

भाभी बसल्या. दीरांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. "चालो, चा मंगावो," म्हणाले, आणि दोन दुकानांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि त्या वेळी पडदा तर पांढरा होता.

त्या आठवड्यातच ऑफिसात भाभींचा फोन आला. रंग परत हिरवा करून दे. त्यांच्या नावाचं आहे, माझ्यासाठी त्यांचं कशाला बिघडवायचं? मी सांगितलं, एकदा बदललेला रंग परत बदलता येत नाही भाभी, प्रोग्रामचा नियमच आहे.

असा नियम नव्हता. संध्याकाळी मी त्या दुकानात गेले, फाईल उघडली आणि शेठच्या नावाखाली आणखी एक ओळ घातली. रंगबदल, बरोबरचं चिन्ह, नाही.