दुसरं टोक

कोणी मेलं आहे हे धुळ्यांना एका बातमीत कधी पटलं नाही. टीव्हीवर फोटोला हार दिसो, पेपरात पहिल्या पानावर काळी चौकट येवो, ते आधी विचारणार, "दुसरं टोक?" म्हणजे हीच बातमी आणखी कोणाकडून, वेगळ्या वाटेने आली का? ती येईपर्यंत मेलेला माणूस त्यांच्या लेखी जिवंत. एका मोठ्या नटाला त्यांनी असं अख्खी दुपार जिवंत ठेवलं होतं. टीव्हीवर अंत्ययात्रा चालली होती आणि हे आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहीत होते, "जळगाव, घाई करू नका. मला फुलं दिसतात, माणूस दिसत नाही."

धुळे हे त्यांचं आडनाव नव्हे. आम्ही दोघं ट्रंक ऑपरेटर, गावोगावचे फोन हाताने जोडून देणारे; ते धुळ्याच्या बोर्डावर, मी जळगावच्या. बोर्डावर माणसाला नाव नसायचं, गाव असायचं. "हॅलो जळगाव, धुळे बोलतंय. वखारवाल्यांना द्या, अर्जंट आहे." असं आमचं निम्मं आयुष्य एकमेकांच्या कानात गेलं. नोकऱ्या संपल्या, बोर्ड भंगारात गेले, पण गावं अंगाला चिकटली ती चिकटलीच. माझी नातवंडंसुद्धा "आजी, धुळ्यांचा फोन!" असंच ओरडायची.

आवाज भारी होता त्यांचा. नव्या माठात पाणी ओतावं तसा, गार आणि भरलेला. मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेले, आणि डोक्यात वाळूसुद्धा नव्हती. त्या आवाजावरून मी एक उंचापुरा, कुरळ्या केसांचा माणूस परस्पर बनवून टाकला होता. चाळीसगावच्या बोर्डावरच्या मैत्रिणीचं लग्न निघालं आणि भेटीचा योग आला. भर मे महिन्यात मी शालू नेसून, घामाने ओली होऊन मांडवात पोचले. समोर जिलेबीची ताटली धरून एक गृहस्थ उभे. माझ्या खांद्याला लागतील एवढे, कानांत केसांचे झुपके. म्हणाले, "जळगाव ना? आवाजावरून वाटलं, तुम्ही बारीक असाल." ती मूर्ख पोरगी, म्हणजे मीच, पंगतीत रुसून बसली. शेवटी त्यांच्याच बायकोला तिची समजूत काढायला यावं लागलं. त्या माउलीला मी का रुसले ते माहीत नव्हतं, हेच माझं नशीब.

त्या काळी कोणत्याही घरात मरण जायचं ते आमच्या कानातून. कॉल तीन मिनिटांचा; ती झाली की मध्ये शिरून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" उत्तर आलं नाही तर प्लग ओढायचा. मी या कामात भलतीच कडक. घड्याळाकडे असं बघायचे जसं काही ते घड्याळ माझ्या बापाने बनवलंय. धुळे मात्र पलीकडे कोणी रडत असलं की मध्ये बोलतच नसत. मी कुरकुरले की म्हणायचे, "जळगाव, तुमचं घड्याळ जरा भिंतीकडे फिरवा ना."

दुसऱ्या टोकाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. ते लहान असताना त्यांचे वडील ट्रकवर होते. कोणीतरी येऊन सांगितलं, घाटात ट्रक उलटला, माणूस गेला. आईने बांगड्या फोडल्या. वस्ती गोळा झाली. आणि दोन दिवसांनी वडील दारात उभे, काखेत टरबूज. "आईने बांगड्या पुन्हा भरल्या हो," धुळे म्हणाले, "पण वडील घरात शिरले की ती दचकायची. जन्मभर दचकली. एकदा रडून झालेला माणूस पूर्ण परत येत नाही, जळगाव."

आणि याच माणसाने आम्हाला मरणाचा खेळ लावला! तेव्हा मी तशी लहानच होते, अडुसष्ट वर्षांची. निवृत्त ऑपरेटरांचा ग्रुप निघाला होता आणि सकाळच्या देवांच्या फोटोंना सगळेच कंटाळले होते. धुळ्यांनी सुचवलं, दर नव्या वर्षी प्रत्येकाने काही नावं 'बुक' करायची. नट, पुढारी, गवई, खेळाडू, कोणीही, पण नाव असलेला. या वर्षात तो जाईल असा अंदाज. दर्जे ट्रंक कॉलचेच: नव्वदीपुढचा असेल तर ऑर्डिनरी, पंचाहत्तरीपुढचा अर्जंट, त्याच्या आतला लाइटनिंग. जितका तरुण तितके गुण जास्त. नाव खरं ठरलं की ग्रुपवर लिहायचं, "कॉल लागला." ग्रुपमधल्या कोणाच्या नात्यातला, ओळखीतला माणूस मात्र घ्यायचा नाही. आणि दुसरं टोक मिळाल्याशिवाय गुण नाहीत.

माझी सून हे ऐकून हादरली. "आई, दुसऱ्याच्या मरणावर गुण? पाप लागेल!" मी धुळ्यांना कळवलं. ते म्हणाले, "आपण कुठे कोणाला मारतोय? आपण बोर्डावर बसलोय. कॉल येणारच आहे. आला तर आपण जागे असावं, एवढंच."

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि त्यामुळेच सून पुढे गप्प बसली. ज्याचा कॉल लागेल त्याने त्या गेलेल्या माणसाबद्दल आपल्या आवाजात तीन मिनिटं चांगलं बोलून पाठवायचं. त्याशिवाय गुण जमा नाहीत. एकदा माझा जुन्या सिनेमातला खलनायक लागला. आता खलनायकाबद्दल तीन मिनिटं काय बोलणार? मी सांगितलं, याने नायिकेचा हात धरला की माझी आजी पदराने तोंड झाकायची आणि पदराच्या भोकातून बघायची. मग त्याचे बूट कसे चकचकीत असायचे ते सांगितलं. मग थांबले. धुळ्यांचा निरोप आला, "अजून एक मिनिट बाकी आहे, जळगाव. माणूस एवढ्यात संपत नाही."

पण खेळाने एक खोड लावली. आधी कोण सांगतो, याची शर्यत सुरू झाली. वरणगावला फॅक्टरीच्या बोर्डावर होते ते ऑपरेटर, म्हणजे आमचे 'वरणगाव', त्यात सगळ्यांत पुढे. बातमी वाचणारी बाई पदर सावरायच्या आत यांचं "कॉल लागला" हजर.

रोज सकाळी धुळे ग्रुपवर एकच शब्द टाकायचे, "लाइन?" मग ज्याने त्याने आपल्या गावाचं नाव लिहायचं. म्हणजे सगळे धड उठले. एका सकाळी तो शब्द आला नाही. मी चहा केला, प्यायले, पुन्हा फोन बघितला. नाही. थोड्या वेळाने वरणगावांनी लिहिलं, "धुळे गेले. माझ्या साडूचा आत्ताच फोन आला. देवपुरात त्यांच्या गल्लीत गर्दी आहे."

मग नुसती फुलं आणि जोडलेले हात. कोणी तर लगेच धुळ्यांच्या फोटोला चौकट करून टाकली. फोटो निरोप समारंभातला होता. कडेला माझं कोपर तसंच राहिलं होतं. धुळ्यांच्या मरणात माझं कोपर!

मी लिहिलं, "दुसरं टोक?"

वरणगावांनी लिहिलं, "ताई, साडूने डोळ्यांनी तिरडी बघितली."

"तिरडी बघितली की माणूस?"

 मी धुळ्यांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच.  मग मला जुनं आठवलं. सरळ लाइन बंद पडली की आम्ही चाळीसगावमार्गे जायचो. मी मैत्रिणीला फोन लावला आणि तोंडातून आपोआप निघालं, "चाळीसगाव, धुळे द्या."

 मग तिचाही आवाज पूर्वीसारखा झाला. "देते. लाइन धरा."

तिची भाची देवपुरात राहायची. चाळीसगावने तिला दुसऱ्या फोनवरून पिटाळलं, धुळ्यांच्या दारात जाऊन बघायला. मी माझा फोन कानाला लावून बसले. पलीकडे चाळीसगावच्या कुकरची शिट्टी झाली. कोणी बंद केला नाही. दुसरी झाली. "बाई, तुझी डाळ लागेल," मी म्हणाले. "लागू दे," ती म्हणाली.  मी मनात म्हणत होते, कोणी आत बघत नाही तोवर ती तिरडी रिकामी आहे. त्या गल्लीत काय आहे ते कोणी सांगू नये, भाचीने वाटेतच थांबावं, असंही वाटत होतं.

"जळगाव," चाळीसगाव म्हणाली, "बोला."

भाची गल्लीत पोचली होती; चाळीसगावने दोन्ही फोन एकमेकांना चिकटवले. मग धाप लागलेला, खरखरता, पण तोच माठातला आवाज. "जयगाव! मी जित्ता शे." त्यांच्या घरच्या बोलीत जळगावचं जयगाव होतं, आणि ती बोली ते फार खुशीत किंवा फार थकलेले असले तरच काढत. "बठ्ठासनी रडी लिधं का?"

सगळ्यांचं रडून झालं होतं, माझंच तेवढं तेव्हा सुरू झालं.

दोन घरं सोडून राहणारा त्यांच्याच एक्स्चेंजचा जुना लाइनमन पहाटे गेला होता. धुळे फोन घरी टाकून तिथे तिरडी बांधत होते. 'टेलिफोनवाले गेले' एवढंच साडूने ऐकलं, आणि बाकीचं शर्यतीने केलं.

चाळीसगाव चिडून म्हणाली, "बंद करा हा खेळ." वरणगावांनी तर दिवसभर तोंड दाखवलं नाही. धुळे त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर फक्त लिहिलं, "श्रद्धांजल्या वाचल्या. चाळीसगावने नुसते हात जोडले, शब्द एकही नाही. लक्षात ठेवतो."

पण मला त्यांनी वेगळा फोन केला. बोलताना दोनदा थांबले, श्वासासाठी. "आज सुतळी ओढताना हात थरथरत होते, जळगाव. आता माझाच नंबर."

"तुम्ही प्रसिद्ध नाही," मी म्हणाले. "नियमात बसत नाही."

"म्हणूनच सांगतोय. मला कोणी बुक केलेलं नाही, तर घाईसुद्धा कोणी करू नये. सुनेला सांगून ठेवलंय, पहिला फोन जळगावला. माझं दुसरं टोक तुम्ही. तुम्ही हो म्हणाल तेव्हा मी गेलो."

"मग मी म्हणणारच नाही!"

ते हसले, हसता हसता खोकले. "थोडा वेळ लाइन धरून ठेवा, चालेल. पण कायमची नाही हं. मागे लोक ताटकळलेले असतात."

त्या दिवसापासून सकाळच्या "लाइन?"ला मी सगळ्यांत आधी उत्तर द्यायला लागले. धुळ्यांचा नंबर दिसला की आधी छाती धडधडायची, मग मी फोन उचलायचे. "काय, दचकलात?" ते विचारायचे. "छे," मी म्हणायचे. त्यांची आई मला तेव्हा कळली.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. जळगावात मेहरूणच्या घरी ओट्यावर बसून मी शेंगा फोडत होते. फोन आला. आवाज त्यांचा नव्हता, सुनेचा होता. "अक्का, बाबा गेले. चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत…"

"नीट बघितलंस का गं?" मी विचारलं.

"अक्का, मी त्यांच्याजवळच बसलेय."

सकाळची "लाइन?" तर आली होती. आम्ही सगळ्यांनी आपापली गावं लिहिली होती. आता वरणगावांनी लिहिलं, पण या वेळी फार जपून, "धुळ्याहून काही ऐकतोय. जळगाव, दुसरं टोक?" मग चाळीसगाव, "जळगाव?" मग बाकीचेही. कोणी फूल टाकलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. सगळे थांबले होते. त्यांनी शिकवलं तसंच.

मी फोन पालथा घातला आणि शेंगा फोडत राहिले. मी बोलत नाही तोवर ग्रुपमध्ये धुळे होते. चाळीसगावला ते अजून पलंगावर बसून चहाची वाट बघत होते. वरणगावलाही. एका शब्दाने मी त्यांना सगळीकडून उठवणार होते. माझी सून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि समोर बसून शेंगा फोडायला लागली. पालथा फोन मधून मधून थरथरत होता. मागे लोक ताटकळले होते.

शेवटी मी धुळ्यांच्या नंबरवर फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला. "बाई, फोन त्यांच्या कानाशी धर," मी म्हणाले.  खोलीत कोणीतरी हळू आवाजात बुद्धं सरणं म्हणत होतं. मी बोर्डावरचा आवाज काढला. तो अजून निघतो हे मला माहीत नव्हतं.

"हॅलो धुळे, जळगाव बोलतेय. तीन मिनिटं झाली. वाढवू?"

नियमाप्रमाणे थांबायचं असतं. थांबले. नियमापेक्षा जास्तच थांबले. मग फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "जळगाव. हो."

 मग वरणगावांनी लिहिलं, "वरणगाव." चाळीसगावने लिहिलं, "चाळीसगाव." आणि एकेक करून सगळी गावं उमटली, रोज सकाळी उमटायची तशी.

त्यांच्याबद्दलची तीन मिनिटं बोलायचा मान सगळ्यांनी मला दिला. मी आवाज भरायला बसले आणि "धुळे" एवढंच म्हणून अडकले. पुन्हा बसले, पुन्हा तिथेच. म्हणून हे लिहून काढलं. वाचायला तीन मिनिटांहून जास्त लागली असतील. लागू देत. कोणी विचारलंच, तर सांगा, जळगावने घड्याळ भिंतीकडे फिरवलं होतं.