श्रावणातलं सूप

अख्ख्या नाशकात सूप एकाच माणसाला जमतं आणि बाकीचे करतात ते कोमट पाणी, असं आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचं ठाम मत आहे. तो एक माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको. मला राग एवढ्याचाच येतो की ते खरं आहे.

काकांचा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेला. निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात कोंबडीला मज्जाव, म्हणून गॅलरीत त्यांची वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं. रविवारी सकाळी तिथं हाडांसकट कोंबडी मंद आचेवर चढते आणि काका स्टुलावर बसून पळीनं वरचा फेस काढत राहतात. कुकरचं नाव काढलं की म्हणतात, "शिट्ट्यांनी कोंबडी घाबरते हो, सूप होत नाही." गाजर, फरसबी, कोबी, सगळं एका मापाचं हवं. एकदा मी हौसेनं गाजरं चिरून दिली, तर या गृहस्थांनी खिशातून व्हर्नियर काढून माझे तुकडे मोजले! "हा लॉट रिजेक्ट," म्हणाले, आणि माझी सगळी गाजरं काकूंच्या कोशिंबिरीत गेली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पास्ता वेगळ्या पातेल्यात उकडायचा, कारण "आधीच टाकला की सगळं सूप तो एकटाच पिऊन बसतो." मग एकेक नळी नखानं दाबून बघायची. आणि दर पाच मिनिटांनी चमचाभर चव, तीसुद्धा डोळे मिटून. कॉलनीत कुणी शिंकलं रे शिंकलं की काका डबा घेऊन दारात हजर.

श्रावणात मात्र शेगडी धुऊन माळ्यावर जाते. त्या महिन्यात काका चिकनच्या दुकानावरूनसुद्धा जात नाहीत, लांबचा वळसा घालतात.

नेमक्या अशाच एका श्रावणात माझी आई टायफॉइडमधून उठली, पण जेवेना. वरणभात समोर ठेवला की तोंड फिरवायची. काय करून देऊ विचारलं की "काही नको." आठ दिवस हेच एक उत्तर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर परत ॲडमिट करावं लागेल. मी जिन्यात उभी राहून रडत होते, ते काकांनी पाहिलं. दोन तासांनी त्यांच्या गॅलरीतून वास आला, तशी मी धावत गेले.

"अहो काका, श्रावण आहे!"

"माझा आहे. आजारी माणसाला कसला आलाय श्रावण?"

सवयीनं चमचा तोंडापर्यंत जायचा आणि तिथूनच परत फिरायचा. मी म्हटलं, मी बघते चव. तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं!"

वाडगा आईसमोर ठेवला. काका दारातच उभे राहिले, आत येईनात. आईनं एक चमचा घेतला आणि थांबली.

"मीठ कुठाय यात?"

काकांचा चेहरा असा पडला की बघवेना. "चुकलं हो वहिनी," ते पुटपुटले. मी दोघांकडे नुसती बघतच राहिले, तशी आई वैतागली. "अगं, बघतेस काय? मीठ आण ना!"

आठ दिवसांत तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मिठाची बरणी हातात धरून मी स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. बाहेर आले तेव्हा वाडगा अर्धा झाला होता.

त्यानंतर आई तीन वर्षं होती. दर रविवारी तिच्यासाठी काकांचं सूप यायचं आणि दर रविवारी ती त्यात काहीतरी खोट काढायची. मिरी जास्त झाली, गाजर कच्चं राहिलं. काका तावातावानं भांडायचे आणि पुढच्या रविवारी सुधारून आणायचे. आता डबा माझ्यासाठी येतो. काका दारात उभे राहून विचारतात, "कसं झालंय?" मी छान म्हणते. छान असतंच. तरी ते थोडा वेळ तसेच थांबतात आणि मग रिकामा डबा घेऊन जातात.