रिकामी गाडी

आमच्या ज्योत्स्नावहिनी एसटीत कंडक्टर. पवनानगरच्या गाडीत त्यांचा आवाज चढला की दांडगे दांडगे गडी मुकाट पुढं सरकायचे. अशी बाई मागच्या पावसाळ्यात घरच्याच जिन्यावरून पडली, खुबा मोडला आणि लोणावळ्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर अडकली ती अडकलीच. जिना अरुंद, उभा. डॉक्टरांनी पायरी उतरायची नाही म्हणून बजावलंय. आदिनाथदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सकाळी देहूरोडला कामाला जातो तो अंधार पडल्यावर येतो. खिडकी उघडावी तर समोर शेजाऱ्याची भिंत. माणसाचा जीव गुदमरेल नाहीतर काय होईल!

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं टाकून दिलेलं एक मशीन मी त्यांना बसवून दिलं आणि त्यात बस चालवायचा गेम टाकला. वहिनी एकदम खूश. म्हणाल्या, जन्मभर घंटी मारली, आता स्टेअरिंग बघते. पण मशीन कसलं, नुसतं डबडं. ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम तुटपुंजी. बस स्टॉपवर आली की चित्र गोठायचं. मग दुकानात मला फोन, भाऊजी, गाडी अडकली.

शेवटी माझं डोकं फिरलं. वहिनींच्या घरी जाऊन गेमचं सेटिंग उघडलं. सावल्या बंद केल्या, झाडं कमी केली, लांबचे डोंगर काढून टाकले. तरी अडकतंयच. मग प्रवासी शून्यावर आणले. आहाहा, बस सरसर पळायला लागली. मी आपला कॉलर ताठ करून बसलो.

वहिनींनी पहिल्या स्टॉपला दार उघडलं. कुणी नाही. पुढच्या स्टॉपलाही कुणी नाही. त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला.

"रिकामी गाडी कशाला पळवू, भाऊजी?"

मी वैतागलो. म्हटलं, या डबड्यात एक तर वेग मिळेल नाहीतर माणसं, दोन्ही कुठनं आणू?

"मग माणसं ठेवा. मला कुठं जायची घाई आहे?"

मी प्रवासी परत भरले. त्यासाठी चित्र इतकं पुसट करावं लागलं की एकाचंही तोंड ओळखू येईना. स्टॉपवर बस पुन्हा गचके खायला लागली. वहिनी थांबायच्या. शेवटचा माणूस चढला की टेबलावर बोटानं दोनदा टकटक, डबल बेल, आणि मगच गाडी पुढं. मधूनच "पुढं सरका, पुढं सरका" चाललेलं. आवाज अगदी जुना, गाडीतला. कितीतरी महिन्यांनी ऐकला मी तो.

शेवटचा थांबा आला. माणसं एकेक करून उतरायला लागली. मला दुकान गाठायचं होतं, म्हणून मी मशीन बंद करायला हात पुढं केला. वहिनींनी तो धरला.

"थांबा जरा. त्यांना उतरता येतंय, तेवढं तरी बघू द्या मला."