आधी मनगट बघणारे भिंगमामा

ये गं, अशी जवळ सरकून बस. आणि काय हे, घड्याळ बंद पडलं म्हणून टाकून दिलंस? तुम्हा पोरींना काही वाटत नाही. आमच्या भिंगमामांनी तुला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

भिंगमामा माणसाचं तोंड नंतर बघायचे, मनगट आधी. डोळ्याला कायम भिंग. जेवताना तेवढं कपाळावर सरकायचं. महाद्वार रोडमागच्या बोळात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दोन गिऱ्हाइकं आली की भरायचं. नव्वदच्या सुमाराला जो तो सेलची घड्याळं घालायला लागला, आणि मामा जुन्या खिशातल्या घड्याळांची मशीनं काढून मनगटी केसमध्ये बसवत राहिले. म्हणायचे, "जाकिटाचं खिसं गेलं म्हणून मशीननं मरायचं व्हय?"

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा भावांकडून मी फक्त त्यांचं खिशातलं साखळीचं घड्याळ मागून घेतलं. पण कपाटात ठेवून त्याचं काय करू? मला ते हातात हवं होतं. मामांनी माझं मनगट निरखलं.

"लई मोठं दिसंल, वैनी."

"दिसू दे," म्हटलं.

मामांचा एक नेम होता. तयार झालेलं घड्याळ आठ दिवस स्वतःच्या हातात घालून फिरायचं, मगच द्यायचं. खिशात निवांत राहिलेलं मशीन ते, मनगटावरचे धक्के सोसतंय का बघायला नको? तर पाचव्या दिवशी मामा आमच्या दारात उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वैनी, घड्याळ मोडलं माझ्या हातनं. कट्ट्यावर म्हशी आणून समोर पिळत्यात, तितं दूध प्यायला गेलतो. म्हशीनं मान झटकली, शिंग बसलं. आतल्या चाकाची दांडी तुटली."

मी रडले, मग भांडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं घालून मिरवायला?"

"कुणी न्हाय. पर घातल्याबिगर मी देत न्हाय. म्हशीला बोलू नका, चूक माझीच हाय."

तसली दांडी बाजारात मिळेना. केसाएवढी बारीक वस्तू, मामा छोट्या लेथवर स्वतः घडवायला बसले. किती मोडल्या, देव जाणे. मी गेले की नुसती मान हलवायचे. तीन महिन्यांनी घड्याळ हातात आलं. किल्ली बाराच्या डोक्यावर, कारण ती बाजूला घेतली तर डायल आडवी होते. आमचे दीर म्हणाले, "वैनी, मनगटाला बाटलीचं बूच लावलंय की काय?" मी खुशाल मिरवलं.

मामांना एकदा विचारलं, "दुसरं मशीन घालून का नाही दिलंत? मला काय कळणार होतं?"

"तुमास्नी न्हाय. मला कळलं असतं की."

पुढे दोन हजार सालानंतर त्यांची नजर गेली. दुकान बंद करून ते मलकापूरला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला गेले, तर हात धरून मनगट कानाला लावलं. "पुढं पळतंय. आणा इकडं." मी काढून दिलं. त्यांनी अंगठ्यानं काच पुसली, थोडा वेळ तसंच धरलं आणि परत केलं. "ऱ्हाऊ दे. आता न्हाय जमायचं." त्याच वर्षी ते गेले.

घड्याळ अजून दिवसाला चार मिनिटं पुढं पळतं. दुसऱ्या कुणाला मी उघडू देत नाही. सकाळच्या बातम्या लागल्या की काटे मागे घेते. पण हल्ली किल्ली माझ्या बोटांना फिरत नाही. शेजारीण फिरवून देते, आणि ती माहेरी गेली की घड्याळ थांबतं. परवा पुन्हा चाललीय ती. तू लवकर ये गं, तुझी बोटं अजून धड आहेत.